आई-बाबांना चारधामला ग्रुपबरोबर पाठवावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बाबा ६७ वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. आई ६१ वर्षांच्या, उजवा गुडघा दुखतो. कराडजवळच्या तुमच्या गावातून सहा जोडपी मे महिन्यात एका यात्रा कंपनीबरोबर अकरा दिवसांच्या चारधामला निघाली आहेत आणि बाबांचं मन तिकडे लागलंय. रविवारपर्यंत ॲडव्हान्स भरायचाय. तुम्ही पुण्यात नोकरीला, मेमध्ये रजा मिळत नाही. म्हणून दुसरा बेत असा की दिवाळी झाल्यावर तुम्ही स्वतः रजा काढायची आणि हरिद्वारहून गाडी करून दोघांना न्यायचं. यातलं काय करावं?

मी गेली बावीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून काम करते आहे. सुरुवातीची काही वर्षं नोकरीत, नंतर स्वतःचे छोटे ग्रुप घेऊन. चारधामच्या किती बॅच केल्या ते मोजलेलं नाही, पण ती वाट पायाखालची आहे. त्या अनुभवावरून सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिच्यावर तुमचा दुसरा बेत उभा आहे. दिवाळीनंतर चारधाम होत नाही. गंगोत्रीचं दार दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, अन्नकूटाला बंद होतं. यमुनोत्री आणि केदारनाथ भाऊबीजेला बंद होतात. बद्रीनाथ तेवढं नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत उघडं असतं. मग केदारनाथाची उत्सवमूर्ती पालखीतून उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि सहा महिने पूजा तिथे होते. दारं पुन्हा उघडतात ती अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. २०२५ मध्ये यमुनोत्री-गंगोत्री ३० एप्रिलला, केदारनाथ २ मेला आणि बद्रीनाथ ४ मेला उघडलं होतं. तेव्हा तुम्हाला न्यायचं असेल तर दिवाळीच्या आधी, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. माझ्या मते अख्ख्या वर्षात तोच काळ सगळ्यात चांगला. पाऊस ओसरलेला असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, शिखरं दिसतात, आणि मे महिन्यातली रेटारेटी नसते.

आता मूळ मुद्दा. ग्रुप टूर घ्यावी की नाही हे लोक मला विचारतात तेव्हा बहुतेकांच्या मनात दोन हिशेब असतात: पैसे किती लागतील आणि सोबत कशी मिळेल. डोंगरातल्या यात्रेला मी तिसरा प्रश्न आधी विचारते. तुमच्या माणसाला चार लोकांत ‘मला जमत नाही, मी थांबतो’ असं म्हणता येतं का?

हे मी का विचारते ते सांगते. २००६ सालची गोष्ट. मी एका कंपनीत नोकरीला होते, अडतीस जणांची बॅच होती. केदारनाथहून उतरताना पाऊस लागला. सत्तरीच्या घरातले एक काका सगळ्यांच्या मागे राहिले, रात्री नऊच्या पुढे मुक्कामी पोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बद्रीनाथला निघायचं होतं. मी त्यांच्या खोलीवर जाऊन विचारलं, काका, बरं वाटतंय ना? ते म्हणाले, एकदम झकास. पहाटे आंघोळ करून, गंध लावून बसमध्ये सगळ्यांच्या आधी हजर. दुपारी चमोलीच्या पुढे काकू रडत माझ्याकडे आल्या. काकांना रात्रीपासून ताप होता, अंग थरथरत होतं आणि त्यांनी काकूंना शपथ घातली होती की बाईंना सांगायचं नाही, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल. छातीत कफ भरला होता. त्यांना खाली आणून दवाखान्यात ठेवलं आणि ते बरे झाले, ही देवाची कृपा. चूक माझी होती. मी दारात उभं राहून विचारलं होतं आणि त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवला होता. हात लावून बघितलं असतं तर कळलं असतं.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली. आपल्या माणसांना भीड फार असते. घरच्या गाडीत जो माणूस दर दोन तासांनी ‘जरा थांबव रे’ म्हणतो, तोच ग्रुपच्या बसमध्ये लघवी दाबून बसतो. ज्या बाईला घरात जिना चढताना धाप लागते, ती बाई इतर बायका चालल्या म्हणून यमुनोत्रीच्या पायऱ्या चढते. वर डोंगरात कुणी जबरदस्ती करत नसतं. भिडेखातर माणूस स्वतःवरच जबरदस्ती करतो. आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत तर बरोबरची माणसं अनोळखी नाहीत, गावातली आहेत. अनोळखी लोकांपुढे एक वेळ माणूस हार मानेल. ज्यांच्याबरोबर रोज पारावर बसायचंय त्यांच्यापुढे ‘मी केदार बघितला नाही’ म्हणणं फार जड जातं. गावची सोबत आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. याच कारणासाठी मी थोडी जास्त काळजी करेन.

आता शरीराचं बघू. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर. केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तिथल्या हवेत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू खालच्या मानाने साधारण दोन तृतीयांश. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तरुणालाही: डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं. चारही धाम या रेषेच्या वर आहेत. त्यातल्या त्यात बरं हे की बहुतेक मुक्काम खाली असतात. बडकोट, उत्तरकाशी, गुप्तकाशी ही गावं साधारण बाराशे-तेराशे मीटरवर आहेत. दिवसा वर जायचं, दर्शन घ्यायचं, रात्री खाली यायचं. यात्रा यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री अशा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या क्रमाने करतात ती परंपरा आहेच, पण त्यामुळे अंगाला उंचीची थोडी ओळखही होते. जी कंपनी दिवस वाचवायला थेट केदारनाथपासून सुरुवात करते, तिच्याबरोबर साठीच्या पुढच्या माणसाला मी पाठवणार नाही.

केदारनाथ मात्र वेगळं. गौरीकुंडपासून १६ किलोमीटरची चढण, जवळजवळ सोळाशे मीटर उंची एका दिवसात. २०१३ च्या जूनमधल्या प्रलयात देवळाच्या वरचं चोराबाडी तळं फुटलं, वाटेवरचं रामबाडा वाहून गेलं आणि जुनी वाट मोडली. नवी वाट रामबाड्यापासून मंदाकिनीच्या पलीकडच्या अंगाने लिंचोलीवरून जाते. ती जुन्या वाटेपेक्षा लांब आणि चढाला खडी आहे. पूर्वी जाऊन आलेले नातेवाईक ‘चौदा किलोमीटर तर आहे’ म्हणतात, ते त्या जुन्या वाटेचं सांगतात.

चालायचं नसेल तर घोडा, डोली, कंडी आणि हेलिकॉप्टर. घोड्यावर बसलं की काम झालं असं घरी बसून वाटतं. पाच-सहा तास लाकडी खोगिरावर बसणं, उतरताना सगळा भार कंबरेवर आणि मांड्यांवर घेणं, हे गुडघेदुखीच्या बाईला चालण्याइतकंच त्रासाचं होऊ शकतं. आईंना न्यायचंच असेल तर चार माणसांनी उचलायची डोली. महाग असते, पण सुरक्षित. कंडी म्हणजे एका माणसाच्या पाठीवरची टोपली, ती हलक्या अंगाच्या माणसाला ठीक. घोडा-डोलीचे पैसे सरकारी प्रीपेड काउंटरवर भरून पावती घ्यावी, वाटेत कुणाशी परस्पर ठरवू नये.

हेलिकॉप्टरबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, तो इथे दूर करते. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी इथून उड्डाणं होतात. फाट्याहून आठ-दहा मिनिटांत माणूस वर. गुडघे वाचतात, पण फुप्फुसांवरचा ताण वाचत नाही. चालणाऱ्याला सगळा दिवस मिळतो, शरीर हळूहळू जुळवून घेतं. हेलिकॉप्टरने जाणारा दोन हजार मीटर एकदम वर जाऊन उतरतो. म्हणून हेलिकॉप्टरने गेलं तर दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावं, वर रात्र काढू नये. आणि हवामान बिघडलं की उड्डाणं रद्द होतात, काही वेळा सलग दोन-दोन दिवस. १५ जून २०२५ ला गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, त्यानंतर सेवा काही काळ थांबवली होती. अधिकृत बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर होतं आणि त्यासाठी आधी यात्रेची नोंदणी झालेली लागते. नकली संकेतस्थळांनी बऱ्याच लोकांचे पैसे बुडवलेत. कंपनी ‘हेलिकॉप्टर आम्ही बघतो’ म्हणाली तर एवढंच विचारा: तिकीट कुणाच्या नावावर, कोणत्या तारखेचं, आणि उड्डाण रद्द झालं तर माझे आई-बाबा त्या दिवशी काय करणार?

बाबांच्या मधुमेहाचं सांगते. मी डॉक्टर नाही. हे मी पर्यटकांच्या डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बारा वर्षांच्या मधुमेहात हृदयाचा त्रास छातीत न दुखता येऊ शकतो, नुसता दम लागतो, घाम येतो, गळून जायला होतं. चढणीवर तर दम सगळ्यांनाच लागतो, मग ओळखणार कसं? म्हणून जायच्या आधी ईसीजी आणि डॉक्टर सांगतील त्या हृदयाच्या तपासण्या. नुसतं ‘जायला हरकत नाही’ असं लिहून आणणं पुरेसं नाही, डॉक्टरांना ‘३,५८३ मीटर उंची’ हे शब्द सांगा. चालण्याने साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात खडीसाखर आणि राजगिऱ्याची वडी, पिशवीत नाही, खिशातच. थंडीत साखर मोजायचं यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, ते आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवायचं. आणि बद्रीनाथच्या तप्तकुंडात उतरण्याआधी पाणी किती गरम आहे ते आईंनी हात घालून बघायचं. जुन्या मधुमेहात पावलांची जाणीव कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही. एका पर्यटकांच्या तळपायाला असे फोड आले होते आणि ते जखम घेऊन तीन महिने घरी होते.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल मी ग्रुपच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. मी याच कामावर जगते आणि या कामावर माझं प्रेम आहे. ग्रुपमधून काय मिळतं तेही मी पाहिलंय.

खानदेशातल्या एक मावशी होत्या, यजमान जाऊन चार वर्षं झालेली. मुलाने पैसे भरले आणि एकट्या पाठवल्या. पहिले दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बडकोटला सकाळी आमचा आचारी चहा घेऊन गेला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी घाबरून विचारलं काय झालं. म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा सकाळचा चहा मला कुणी हातात आणून देतंय, तेही तीन दिवस सलग. उत्तरकाशीनंतर त्या बसमध्ये भजनं सांगायला लागल्या. बद्रीनाथला ब्रह्मकपालावर यजमानांचं पिंडदान त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. मुलगा बरोबर असता तर सगळं त्याने केलं असतं आणि त्या कडेला बसल्या असत्या. हे मला वाटतं म्हणून सांगत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.

घरच्या गाडीने गेलं की बाईचं घर तिच्याबरोबर येतं, हे पुष्कळ मुलांच्या लक्षात येत नाही. डबा, औषधं, नवऱ्याचे मोजे, मुलाची झोप, सगळं तिच्याकडेच. ग्रुपमध्ये तिला बरोबरीच्या बायका मिळतात. आपल्याकडच्या यात्रा कंपन्या आचारी बरोबर नेतात, संध्याकाळी गरम वरणभात, सकाळी पोहे. सलग दहा दिवस ढाब्यावरचं तेलकट खाऊन बाबांची साखर जशी वर जाईल तशी या जेवणाने जाणार नाही. म्हणून आईंचं उत्तर बाबांच्या उत्तरापेक्षा वेगळं असू शकतं, ते लक्षात ठेवा.

दुसरा फायदा संकटातला. ३१ जुलै २०२४ च्या रात्री केदारनाथच्या वाटेवर ढगफुटी झाली, लिंचोली-भीमबलीच्या बाजूला रस्ता तुटला, हजारो लोकांना हेलिकॉप्टरने आणि पायी बाहेर काढावं लागलं. ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवर धराली गावावर मलब्याचा लोंढा आला. तेव्हा महाराष्ट्रातलेही बरेच यात्रेकरू तिकडे अडकले होते आणि घरचे लोक फोन लागत नाही म्हणून कासावीस झाले होते. अशा वेळी ज्याच्याकडे नावांची यादी आहे, ज्याचा माणूस हरिद्वारला बसलाय, ज्याची हॉटेलवाल्यांशी वर्षानुवर्षांची ओळख आहे, त्याच्याबरोबर असणं मोलाचं असतं. दरड कोसळून रस्ता आठ तास बंद असेल तेव्हा एकट्या गाडीतल्या माणसाला संध्याकाळी खोली मिळत नाही. आमच्यासारख्यांना ओळखीवर मिळते, चार जण एका खोलीत का होईना. मात्र हे चांगल्या कंपनीचं सांगते आहे. आणि कोणतीही कंपनी असो, जुलै-ऑगस्टमध्ये या यात्रेला जाऊ नये, स्वस्त मिळाली तरी.

तर कंपनी चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं? माहितीपत्रकावरून कळत नाही, सगळी सारखीच छापतात. फोन करा आणि ऑफिसातल्या बुकिंगवाल्या मुलीशी न बोलता, ही बॅच घेऊन जो प्रत्यक्ष जाणार आहे त्याच्याशी बोलायचंय म्हणा. नाव ठरलेलं नसेल तर तिथेच एक गुण कापा. त्याला विचारा, केदारच्या दिवशी सगळ्यात मागे चालणाऱ्या माणसाबरोबर कोण असतं? ज्याने हे काम केलंय तो लगेच सांगेल, अमुक मुलगा शेवटी असतो, दुपारी अमुक वाजेपर्यंत लिंचोलीला पोचलं नाही तर आम्ही पुढे पाठवत नाही. जो नुसताच ‘काळजी करू नका, आपली माणसं असतात’ म्हणेल त्याच्याकडे उत्तर नाही. तीस-पस्तीस लोकांमागे कंपनीची निदान दोन जाणती माणसं हवीत, आचारी सोडून.

मग विचारा, कार्यक्रमात राखीव दिवस आहे का? अकरा दिवसांत चारधाम बसतात, पण काठोकाठ. उत्तरकाशी ते गुप्तकाशी हा एकच प्रवास नऊ-दहा तासांचा आहे, आणि दुसऱ्याच दिवशी केदारची चढण. मी माझ्या ग्रुपला गुप्तकाशीला एक दिवस मोकळा ठेवते. कुणाला उखीमठला जायचं तर जावं, नाहीतर झोपावं. त्या एका दिवसाने पुढची निम्मी आजारपणं टळतात. हा दिवस धरला की टूर बाराव्या-तेराव्या दिवसावर जाते, किंमत वाढते, म्हणून बहुतेक कंपन्या तो कापतात. तुमच्या कंपनीने कापलाय, हे अकरा दिवसांवरूनच दिसतं.

मुक्कामाच्या हॉटेलांची नावं मागा, ‘किंवा तत्सम’ नको. केदारच्या आधीचा मुक्काम सीतापूर-सोनप्रयागला आहे की वीस-पंचवीस किलोमीटर मागे, यावर पहाटे अडीचला उठायचं की चारला हे ठरतं. सोनप्रयागच्या पुढे बस जात नाही, तिथून जीपने गौरीकुंड, आणि मेमध्ये त्या जीपच्या रांगेतच दोन तास जातात. बसमध्ये जागा रोज फिरत्या आहेत का तेही बघा. दहा दिवस मागच्या सीटवर घाटातले धक्के खाऊन आईंच्या कंबरेचं काय होईल?

पैशांचं थोडक्यात. टूरची किंमत ही खरी किंमत नसते. घोडा-डोली, हेलिकॉप्टर, सोनप्रयागची जीप, खास पूजा, बक्षिसी, हरिद्वारपर्यंतचं तिकीट, जीएसटी, यातलं काय धरलेलं नाही ते कागदावर घ्या आणि त्याची बेरीज करा. आईंची यमुनोत्री आणि केदार अशी दोन्हीकडची डोली धरली की स्वतःच्या गाडीचा आणि टूरचा खर्च बराच जवळ येतो. आणि रद्द केल्यास किती परत, हे तारखांसहित. बाबांची तपासणी व्हायची आहे, तिच्या निकालावर सगळं अवलंबून आहे, म्हणून हा मुद्दा तुम्हाला इतरांपेक्षा महत्त्वाचा.

आता माझं मत विचारलंत म्हणून सांगते. मेमधल्या अकरा दिवसांच्या या टूरला मी बाबांना पाठवणार नाही. गर्दीचा महिना, राखीव दिवस नाही, गावातल्या लोकांची भीड आणि बारा वर्षांचा मधुमेह, हे सगळं एकाच वेळी नको. यातलं एखादं कमी असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. बाबा पन्नाशीचे असते आणि रोज टेकडी चढत असते तर म्हटलं असतं, भरा पैसे.

पण सप्टेंबरअखेर तुम्ही न्यायचं तर चारही धाम करायचा हट्ट सोडा. चार धामांपैकी गंगोत्री आणि बद्रीनाथ इथे गाडी जवळजवळ देवळापर्यंत जाते, थोडंसंच चालणं. यमुनोत्रीला जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटरचा खडा चढ आहे. केदारनाथचं वर सांगितलं. तेव्हा आईंच्या गुडघ्याचा आणि बाबांच्या हृदयाचा विचार केला तर गंगोत्री आणि बद्रीनाथ निवांत करा. जाता-येता देवप्रयागला संगमावर उतरा, बद्रीनाथला दोन रात्री काढा, माणा गाव बघा. बाबांच्या तपासण्या चांगल्या आल्या तर केदार जोडा, हेलिकॉप्टरने, जाऊन-येऊन, आणि उड्डाण रद्द झालं तर उखीमठला ओंकारेश्वराचं दर्शन घ्यायचं हे आधीच घरात बोलून ठेवा. हिवाळ्यात केदारनाथ जिथे बसतो ती जागा आहे, तिथे टेकलेलं डोकं कमी पोचतं असं मी कधी मानलं नाही.

गाडी हरिद्वार किंवा ऋषिकेशची, ड्रायव्हर गढवालचा. स्वतःची गाडी पुण्याहून नेऊ नका. घाटात गाडी चालवणारा माणूस आई-बाबांकडे बघू शकत नाही, आणि तुम्ही जायचं ते त्यांच्याकडे बघायला. यात्रेची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर तिघांची आधी करून ठेवा, तारखा मिळाल्या की मगच तिकिटं. रोजचा प्रवास सहा तासांच्या आत, अंधाराच्या आधी मुक्कामाला.

आणि हा बेतही जमत नसेल, रजाच मिळत नसेल, तर बारा-पंधरा जणांचा छोटा ग्रुप शोधा, सप्टेंबरचा, राखीव दिवस असलेला. बाबांना पाठवताना एक काम करा. टूर मॅनेजरला त्यांच्यासमोर फोन लावा आणि दोघांच्या कानावर पडेल असं सांगा की केदारच्या दिवशी बाबा नको म्हणाले तर तो त्यांचा निर्णय आणि घरच्यांचाही. हे आधी मोठ्याने बोललेलं असलं की वर गेल्यावर माणसाला थांबणं सोपं जातं. माझ्या ग्रुपमध्ये मी निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकत्र बसवून हे बोलते, आणि त्यानंतर दर बॅचमध्ये दोघे-तिघे तरी निर्धास्तपणे खाली राहतात.

रविवारच्या आत दोन गोष्टी करा. कंपनीच्या त्या प्रत्यक्ष जाणाऱ्या माणसाला वरचे प्रश्न विचारा, उत्तरं समाधानाची असली तर मला पुन्हा लिहा, मी माझं मत बदलायला तयार आहे. आणि बाबा घरात नसताना आईंना फोन करून विचारा, तुला कुठे जायचंय आणि कुणाबरोबर. तुमच्या प्रश्नात बाबांचं मन कुठे लागलंय ते आहे, आईंचं कुठे ते मला दिसलं नाही.